मीनलचा चेहरा

"डोळे मीट आणि श्वास रोखून धर," शंकरदादा म्हणाले आणि त्यांनी तो रबरी चेहरा माझ्या डोक्यावरून खाली ओढला.

आधी वास आला. सायकलच्या जुन्या ट्यूबचा, त्यात शिळ्या टाल्कम पावडरचा, आणि त्याच्याही खाली आणखी कसला तरी, दुसऱ्याच्या उशीच्या अभ्र्याला येतो तसा. रबर गालांना चिकटलं. नाकापाशी दोन भोकं पाडलेली होती, ती शंकरदादांनी बोटानं सरकवून माझ्या नाकपुड्यांवर आणली.

"येतोय श्वास?"

मी मान हलवली. तोंड उघडलं की समोरच्या आरशात दुसरेच ओठ उघडत होते, माझ्यापेक्षा जरा उशिरा.

मी तेव्हा वीस वर्षांची होते. साताऱ्यात बी.ए. करत होते आणि कॉलेजच्या एकांकिकांमध्ये मिळालेल्या दोन बक्षिसांवर माझी मोठीच हवा झाली होती. त्यामुळे 'गॅदरिंग'च्या तिसऱ्या भागात काम मिळालं तेव्हा ते कसलं काम आहे, हे मी फारसं विचारलं नाही.

'गॅदरिंग'चा पहिला भाग आमच्या भागातल्या थिएटरांना लागला होता. पॉलिटेक्निक कॉलेज, गॅदरिंगची रात्र आणि वेल्डिंगचं हेल्मेट घालून पोरापोरींना एकेक करून मारणारा 'वेल्डर'. पोरांनी शिट्ट्या मारल्या, पिक्चर चालला. दुसऱ्या भागाला थिएटर बघायला मिळालंच नाही. तो थेट सीडीवर आला आणि एसटी स्टँडांवर, हातगाड्यांवर, पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीतून विकला गेला. तिसराही तसाच विकला जाणार होता. लग्नाचे कॅमेरे, पाटणच्या अलीकडचं एक बंद पडलेलं वसतिगृह, आणि काम आटपायचं पंधरा दिवसांत.

निर्माता आणि दिग्दर्शक जालिंदर शेठ. त्यांचा मंडप-डेकोरेशनचा धंदा होता. ते स्वतः आमच्या घरी आले होते. आईनं दिलेला चहा बशीत ओतून पीत त्यांनी गोष्ट सांगितली.

"वहिनी, भाग दोनची हिरॉईन मीनल. शेवटी ती विहिरीत पडते. पण मेली असं आपण दाखवलेलंच नाही. आता तीच वेल्डर होऊन परत येते. पब्लिक खुर्चीतनं उडणार!"

"मग त्या मुलीलाच का घेत नाही?" आईनं विचारलं.

"तिचं लग्न झालं. बेंगलोरला दिली. सासरचे सिनेमाचं नावसुद्धा काढू देत नाहीत." त्यांनी माझ्याकडं पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "उंची सेम आहे. अंगलट सेम आहे. बास."

चेहऱ्याबद्दल ते काही बोलले नाहीत. मला वाटलं, चेहरा माझाच असणार.

एप्रिल महिना होता. रात्रीच्या दिव्यांचा खर्च नको म्हणून वसतिगृहाच्या सगळ्या खिडक्यांना काळी ताडपत्री ठोकली होती आणि आत दिवसाच रात्र केली होती. वारा नावाला नाही. रक्त म्हणजे साखरेचा पाक, त्यात खायचा लाल रंग आणि जरा कॉफी. त्याला मुंग्या लागायच्या, माश्या बसायच्या. खून पडलेल्या मुलानं मेल्यासारखं पडून राहायचं आणि माश्या त्याच्या ओठांत शिरायच्या. चिकनवाल्याकडून आतडी आणली होती. तीच बादली रोज वापरायची, कारण 'कॅमेऱ्यात वास येत नाही.' दुपारी त्याच व्हरांड्यात आम्ही जेवायला बसायचो. भाताचा घास उचलला की बादली दिसायची.

जालिंदर शेठ दिवसभर मावा खायचे आणि जिन्याच्या कोपऱ्यात थुंकायचे. एकदा त्या कोपऱ्याकडं लांबून बघत ते खूश होऊन म्हणाले, "अरे विजू, तो कोपरा पण घे रे फ्रेममध्ये. रक्तच वाटतंय." विजूनं घेतला. त्या कोपऱ्याशी पडून एका मुलीला मरायचं होतं. तिनं नको म्हटलं, तर शेठ हसले. "मेल्यावर कशाची घाण वाटतेय तुला?" ओरडायच्या आधी ओढणी कशी खाली पडली पाहिजे, हे मात्र त्यांनी तिला स्वतः करून दाखवलं. तीन वेळा.

मी वेल्डर होते, त्यामुळे पहिले काही दिवस हेल्मेटच्या आत होते. बाकीच्यांपेक्षा बरी होते. शेवटाला हेल्मेट वर करायचं होतं. त्यासाठी आज शंकरदादांनी तो चेहरा बाहेर काढला होता.

शंकरदादा मूळचे गणपती करणारे. कुंभारवाड्यात त्यांचा कारखाना होता. जालिंदर शेठच्या मंडपांना मूर्ती पुरवता पुरवता ते त्यांच्या सिनेमाचे मेकअपवाले झाले होते. पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी कापूस आणि डिंक लावून मुखवट्याचा एक गाल भाजल्यासारखा केला होता. दुसरा गाल मात्र तसाच ठेवला होता. निमुळती हनुवटी, रुंद कपाळ. आरशात मी नव्हतेच. कुणीतरी शांत चेहऱ्याची मुलगी माझ्या डोळ्यांनी माझ्याकडं बघत होती.

"हीच का ती? भाग दोनची?" मी रबरातून विचारलं.

"हं."

मी हात वर करून कपाळ चाचपलं. भुवई बोटाला लागली. मऊ होती. बोट खाली घेतलं तर त्याला एक बारीक केस चिकटून आला होता.

"दादा, भुवया कशाच्या लावल्यात? ब्रशाच्या केसांच्या?"

ते रॉकेलमध्ये ब्रश धूत होते. धूतच राहिले.

"दादा?"

"लावल्या नाहीत," ते म्हणाले. "आल्यात."

"आल्यात म्हणजे?"

"भाग दोनला शेठना त्या पोरीचा मुखवटा हवा होता. मी गणपतीचे साचे काढणारा माणूस. जित्या माणसाच्या तोंडावर प्लॅस्टर कधी ओतलं नव्हतं. आधी व्हॅसलिन लावायचं असतं, ते मला कुणी सांगितलं नाही. प्लॅस्टर सुकताना तापतं. पोरगी नुसती मुठी वळून पडून राहिली, हूं नाही की चूं नाही. मी साचा ओढला तेव्हा भुवया साच्यात राहिल्या." त्यांनी ब्रश झटकला. "मग साच्यात रबर ओतलं, तेव्हा त्या रबरात आल्या."

मी तो चेहरा दोन्ही हातांनी ओरबाडून काढला आणि मागच्या दारापर्यंत पोचायच्या आत ओकले.

ओकारी थांबल्यावरही अंगावरचा काटा जात नव्हता. कुणाच्या तरी तोंडावरचं सोलून माझ्या तोंडावर घातलं होतं, असंच मला वाटत राहिलं. मी सांगून टाकलं, मी हे पुन्हा घालणार नाही.

जालिंदर शेठ आले. चिडले नाहीत. उलट खुर्ची ओढून समोर बसले.

"केसच आहेत ना, बाई? पार्लरमध्ये काय कमी केस पडलेले असतात? आणि ती मुलगी मजेत आहे बेंगलोरला. भुवया परत उगवतात." त्यांनी मावा गालात सरकवला. "एकच शॉट राहिलाय उद्या. हेल्मेट वर करायचं, चेहरा दाखवायचा, पॅकअप. एवढ्यासाठी सगळ्यांचं काम पाण्यात घालणार का तू?"

बाकीची मुलं माझ्याकडं बघत होती. ती इतके दिवस त्या पाकात लोळली होती. मी हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शेठ इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. मावा नव्हता. विजूच्या जोडीला आणखी एक कॅमेरावाला कराडहून आला होता. इतक्या दिवसांत दोन कॅमेरे कधी लागले नव्हते.

"आज तुझ्यासमोर दोन आर्टिस्ट असतील," शेठ मला म्हणाले. "मीनलचे आईवडील. नवीन सीन घातलाय मी. तू कॉरिडॉरमधनं चालत ये. हेल्मेट वर कर. मग हलायचं नाही, बोलायचं नाही. ते काय करायचं ते करतील."

"त्यांचे डायलॉग काय आहेत?"

"ते त्यांचं त्यांना माहीत आहे."

शंकरदादा मुखवटा चढवायला आले. दोनदा पट्टी सुटली. तिसऱ्यांदा ती बांधताना ते माझ्या कानाशी पुटपुटले, "पोरी, नको म्हण."

"काय?"

"नको म्हणून सांग त्यांना. मी सांगितलं तर..."

तेवढ्यात शेठ दारात आले. "झालं का? चला." शंकरदादा मागं झाले. मला वाटलं, कालच्या ओकारीवरून त्यांना माझी काळजी वाटतेय. मी हेल्मेट डोक्यात घातलं.

हेल्मेटची काच काळी असते. आतून जवळजवळ काहीच दिसत नाही. भिंतीला हात लावत मी कॉरिडॉर चालले. रबराखाली घाम सुटला होता आणि तो हनुवटीशी साचत होता. "ॲक्शन" कुणी म्हणालं नाही. शेवटच्या खांबाशी मी थांबले आणि हेल्मेट वर केलं.

समोर दोन माणसं उभी होती. साधारण पन्नाशीचा एक माणूस, अंगात पांढरा सदरा, पायात नव्या चपला. शेजारी बाई, डोक्यावरून पदर, छातीशी टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी धरलेलं. मला वाटलं, शेठनी यावेळी खरंच चांगले नट आणलेत. कपडे बरोबर होते, उभं राहणं बरोबर होतं. मी वाट बघितली. आता बाई ओरडणार.

ती ओरडली नाही.

तो माणूस भिंतीचा आधार घ्यायला गेला आणि तसाच घसरत खाली बसला. बाई उभीच होती. तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. नुसती बघत होती.

माझ्या मागून शेठचा दबका आवाज आला. "आता रडतील. विजू, आईवर जा, आईवर. डोळ्यांवर. थेंब दिसला पाहिजे."

बाईनं टॉवेलातली वस्तू नवऱ्याच्या मांडीवर ठेवली आणि ती माझ्याकडं चालत आली. इतकी जवळ आली की तिच्या साडीचा नव्या कापडासारखा वास मला रबरातूनही आला. शाळेतून पडून आलेल्या पोराला बघावं तशी तिची नजर माझ्या कपाळावरून भाजलेल्या गालावर, गालावरून हनुवटीवर गेली. मग तिनं बोट उचललं आणि भुवईला लावलं.

"विशू," ती म्हणाली.

सिनेमात विशू कुणीच नव्हतं.

"काकू," मी रबराच्या आतून म्हणाले, "तुम्ही कोण?"

उत्तर खाली बसलेल्या माणसानं दिलं. "आमची पोरगी हाय ती, बाई. विशाखा. गेल्या साली वारली. पिक्चर तिच्या नावानं अर्पण करणार, फोटोला हार घालायला या म्हणून सांगावा आला होता आमाला." त्यानं टॉवेल उलगडला. फ्रेम केलेला फोटो होता. काल आरशात बघितलेला चेहरा होता त्यात. दोन्ही गाल नीट असलेला. हसणारा.

माझा हात मानेशी गेला. मला ते तोंडावरून तत्क्षणी फाडून काढायचं होतं. पण बाईनं माझी दोन्ही मनगटं धरली.

"नको काढू," ती म्हणाली. "वाईच थांब. बघू दे मला."

मी थांबले. माझ्या आयुष्यात मी एवढी कधीच थांबले नाही. आत माझे डोळे वाहत होते आणि ते पाणी बाहेर पडायला वाट नव्हती, ते रबर आणि कातडी यांच्यामधून खाली चाललं होतं. किळस येत होती. त्या रबराची, त्या वासाची, माझ्या अंगाची, दोन्ही बाजूंना चालू असलेल्या कॅमेऱ्यांची. पण ती बाई बघत होती. मुलीचा चेहरा एवढ्या जवळून तिला पुन्हा कधी बघायला मिळणार नव्हता. म्हणून मी पापणीसुद्धा हलू दिली नाही.

"रडा ना, काकू," शेठ आता मोठ्यानं म्हणाले. आवाज अगदी लोण्यासारखा. "मन मोकळं करा. सगळी आपलीच माणसं आहेत."

बाईनं मान वळवून त्यांच्याकडं बघितलं. मग कॅमेऱ्याकडं बघितलं, आधी एका, मग दुसऱ्या. तिला सगळं तेव्हा कळलं असावं. तिचे डोळे कोरडे होते. तिनं माझी मनगटं सोडली.

"झालं माझं. काढ आता."

मी हेल्मेट उतरवलं आणि मुखवटा काढला. माझ्या चेहऱ्यावर लाल चट्टे उठले होते. माझं तोंड बघून ती दचकली, आणि मग तिनं पदराच्या टोकानं माझे गाल पुसले. जोरात पुसले, आई पुसते तसे.

"कट, कट," शेठ म्हणाले. "ठीक आहे. परत एकदा घेऊ. यावेळी तू चेहरा नाही काढायचास, ऊर्मिला. आणि काकू, तुम्ही जरा..."

"तुम्ही म्हणालात, तिचं लग्न झालं," मी म्हणाले. "बेंगलोरला दिली म्हणालात माझ्या आईला."

"ते काय महत्त्वाचं आहे आत्ता?"

"कशानं गेली ती?"

शेठनी खांदे उडवले. शंकरदादा दारात उभे होते. उत्तर त्यांनी दिलं.

"विहिरीनं. भाग दोनची विहीर सडलेली होती. मेलेलं कुत्रं होतं पाण्यात. ते वर काढलं आणि तासाभरात पोरीला खाली सोडली. चार-पाच वेळा बुडवली. दोन वेळा पाणी गेलं नाकातोंडात. मग ताप आला, कावीळ झाली, किडन्या गेल्या."

"डॉक्टरांनी विहीर कुठं लिहिलीय?" शेठ उसळले. "पुरावा आहे काय? ताप कुणालाही येतो. आणि तिनं स्वतः हो म्हटलं होतं उतरायला."

मी हेल्मेट जमिनीवर ठेवलं. मुखवटा माझ्या हातात होता. "मी चालले," मी म्हणाले.

"जा. पण ते ठेवून जा. प्रॉडक्शनचा माल आहे तो."

"यात तिचे केस आहेत."

"असू देत. साच्यासकट माझा आहे."

तेव्हा विशाखाचे वडील उठले. इतका वेळ ते फोटो मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी तो काखेत धरला, चपला नीट केल्या आणि शेठच्या अगदी समोर जाऊन उभे राहिले. आवाज चढवला नाही.

"शेठ, पोरगी हिरीत सोडली तवा ती बी तुमचाच माल होती काय?"

शेठ काही बोलणार तेवढ्यात आतून धाडकन आवाज आला. शंकरदादांनी साचा उचलून फरशीवर आपटला होता. पांढऱ्या ठिकऱ्या व्हरांड्यापर्यंत आल्या. ते बाहेर आले, त्यांच्या हातांना प्लॅस्टर लागलं होतं. "साचा माझ्या हातचा होता," एवढंच म्हणाले. जालिंदर शेठ ओरडत होते, पोलिसांत जाईन म्हणून. नुकसानीबद्दल. कुणी थांबवलं नाही त्यांना. विजूनं कॅमेरा खाली घेतला, पण खूप उशिरा.

वसतिगृहाच्या मागून एक वाट कोयनेवर उतरते. आम्ही चौघं तिकडं गेलो. मुखवटा मी टॉवेलात गुंडाळून घेतला होता. नदीला एप्रिलमध्ये जेवढं असतं तेवढं पाणी होतं.

विशाखाच्या वडिलांनी वाळक्या काटक्या जमवल्या आणि मुखवटा त्यावर ठेवून काडी ओढली. त्यांना वाटलं असेल, जळेल. पण रबर जळून राख होत नव्हतं. ते पेटलं, काळा धूर निघाला, असा काही वास सुटला की मी नाकावर हात धरला. गाल आक्रसला. ओठ एका बाजूला ओढले गेले. एका डोळ्याच्या भोकाची कड वितळून खाली आली. शंकरदादांनी तोंड फिरवलं.

"इजवा," विशाखाची आई म्हणाली. "इजवा ते! दोनदा जाळायची का पोरगी?"

तिनंच वाळू टाकली. हात भाजला तिचा, तरी टाकत राहिली. धूर थांबल्यावर तिनं मुखवटा वाळूतून उचलला, नदीत धुतला आणि मांडीवर घेऊन बसली. जळालेला होता तो खालचा भाग. कपाळ शाबूत होतं.

"चिमटा हाय का कुणाकडं?"

शंकरदादांच्या खिशात मेकअपचा होता. तिनं तो घेतला. ब्लाउज शिवणारी बाई होती ती, पलूसला घरीच मशीन टाकलेलं. तिनं पदर गुडघ्यावर पसरला, चेहरा उन्हाकडं धरला आणि भुवईतला एकेक केस चिमट्यानं उपटून पदरावर ठेवायला लागली. घाई केली नाही. आधी डावी भुवई, मग उजवी. मध्येच म्हणाली, "लहानपणी कपाळ पुसू द्यायची न्हाई. लई खोडकर." मग पुन्हा काम. आम्ही तिघं आजूबाजूला उभे होतो. सावली केली तर तिला केस दिसायचे नाहीत, म्हणून लांब उभे होतो.

संपलं तेव्हा तिनं पदर गोळा करून पाण्यात पाय घातला, गुडघ्याएवढ्या पाण्यात गेली आणि तो झटकला. काही दिसलं नाही पाण्यात. इतकं ते थोडं होतं.

परत येऊन तिनं मुखवटा उचलला आणि माझ्या हातात दिला. कपाळ आता गुळगुळीत होतं. ते कुणाचंच तोंड नव्हतं.

"आता नुसतं रबर हाय," ती म्हणाली. "त्याचा माल त्याला नेऊन दे."

मी नेऊन दिला. म्हणजे वसतिगृहाच्या फाटकाच्या टोकाला अडकवला आणि माझी पिशवी घेऊन साताऱ्याची एसटी पकडली. त्यानंतर मी कधी सिनेमात काम केलं नाही. आईनं विचारलं तर सांगितलं, जमलं नाही. चेहऱ्यावरचे चट्टे पुढं महिनाभर जात नव्हते.

दिवाळीच्या सुमारास सातारा स्टँडवरच्या गाड्यावर मला 'गॅदरिंग ३' दिसला. पिशवीवर वेल्डर होता आणि खाली लाल अक्षरांत छापलं होतं: 'मीनलची खरी आई प्रथमच पडद्यावर!' मी तो विकत घेतला आणि मैत्रिणीच्या घरी दार लावून बघितला. शेवटी वेल्डर हेल्मेट वर करतो. आत कुणाच्या तरी तोंडाला कणीक फासून भाजल्यासारखं केलं होतं, त्या कणकेवर माशी बसलेली स्पष्ट दिसत होती. आणि मग कट करून तिचा चेहरा. विशाखाच्या आईचा. माझ्याकडं बघणारा. मग किंकाळी होती, पण ती तिची नव्हती, दुसऱ्या कुणाची तरी मागून चिकटवलेली होती. तिचं तोंड तर बंद होतं.

मी सीडी काढली आणि मोडली. तरी हात धुवावेसे वाटत राहिले. मग वाटलं, हे विशाखाच्या आईवडिलांना दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी आपण सांगायला हवं. रविवारी मी पलूसला गेले.

घर शोधायला वेळ लागला नाही. काकू मशीनवर बसल्या होत्या. मला बघून उठल्या, पाणी दिलं, माझे गाल निरखून बघितले. "डाग गेले की गं." मी सगळं सांगितलं. पिशवीवर काय लिहिलंय ते, शेवटी काय दाखवलंय ते, किंकाळीचं. सांगताना माझा आवाज चढला. "काकू, केस करू या आपण. माझ्या ओळखीत वकील आहेत. मी साक्ष देईन. शंकरदादा पण देतील."

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करून सुईत ओवलं.

"मी किती वेळ दिसते त्यात?"

"थोडाच वेळ. पापणी लवेपर्यंत."

"रडताना?"

"नाही. नुसत्या बघताना."

"नीट बघितलंस? डोळ्यात पाणी न्हाई?"

"नाही, काकू."

त्यांनी मशीनच्या चाकावर हात ठेवला.

"मग ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "केस बिस नको. दोन दोन कॅमेरे आणले हुते त्यानं माझं रडणं न्यायला. ते काय त्याला मिळालं न्हाई."